जागेवाल्यासमोरचा शब्द

मुलुंड पूर्व
१२ जानेवारी

पद्मजा,

वर ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलेला नाही. तो चुकून राहिला असं समजू नकोस.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर तुझा फोटो दिसायचा बंद झाला, म्हणजे मला ब्लॉक केलंस हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. मग राहिलं पोस्ट. बाणेरचा पत्ता आप्पांच्या तेराव्याला तूच लिहून दिला होतास, ‘कधीही या हं’ म्हणून. मी येत नाही, पण माझी पत्रं येतील. स्पीड पोस्टने येतील, सही करून घ्यावी लागतील.

काल, तू जागा दिलीस त्या कंपनीचा मेसेज आला. ‘हाय सुलक्षणा! आमच्यासोबतचा तुमचा मुक्काम ३१ मेला संपतोय. पुढच्या प्रवासाला शुभेच्छा!’ आणि शेजारी फुगा. ऋतिका ज्या घरात रांगली, शाळेत गेली, नोकरीला लागली, ते घर खाली करा म्हणून सांगताना लाल फुगा. मी तो फोन सुबोधच्या हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. रागाने रडले, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुला वाईट वाटल्याचं समाधान मिळेल.

करार अकरा महिन्यांचा आहे, तो संपला की काढायचा हक्क आहे, हे मला शिकवू नकोस. आप्पांबरोबरही अकरा महिन्यांचाच असायचा. तो संपायचा, आप्पा खालच्या मजल्यावरून वर यायचे, ‘काय, राहताय ना?’ विचारायचे, चहा प्यायचे आणि कागद पुढे कधीतरी व्हायचे. तू आप्पांची एकुलती मुलगी. जागा तुझ्या नावावर झाली आणि सहा महिन्यांत तू ती कंपनीच्या हाती दिलीस. आता भाडं कंपनी घेते, नियम कंपनी करते, तुला घरबसल्या तुझा वाटा पोचतो. ठीक आहे. जागा तुझी आहे.

पण शब्दही तुझाच आहे ना गं?

विसरली असशील तर सांगते. तेरावं झालं, मांडव सुटला, आपण आमच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तू माझ्या सासूबाईंचा हात हातात घेतलास. आप्पांना शेवटचं वर्षभर पेज त्यांनीच भरवली होती, कारण तू पुण्यात होतीस. तू म्हणालीस, ‘आई, तुम्ही आहात तोवर ही जागा तुमचीच. मी शब्द देते.’ आणि आई उठल्या, नारळ घेऊन आल्या.

आम्हा कोकणातल्या माणसांत प्रत्येक जागेला तिचा जागेवाला असतो. देव म्हण, राखणदार म्हण. घर कुणाच्याही नावावर असो, त्याला विचारून राहायचं आणि त्याला सांगून निघायचं. आई दरवर्षी त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. मोठ्याने, वकिलासारखं एकेक कलम मांडत. आणि प्रत्येक कलमाला घरातल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एकानेही तोंड मिटलं तर गाऱ्हाणं पुरं होत नाही, निदान आमच्या आई तरी तसं मानतात.

त्या दिवशी त्यांनी कलम घातलं, ‘बा जागेवाल्या म्हाराजा, मी जिती आसंय तवसर ह्या दार माका बंद होवचा नाय, असो शब्द ही पोरगी तुझ्यासमोर देता हा.’ आणि तू डोक्यावर ओढणी घेऊन, हसत का होईना, खणखणीत आवाजात म्हणालीस, ‘व्हय म्हाराजा.’

मी त्या शब्दाचा कागद करून घेतला नाही. आईंना विचारलं असतं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या असत्या. जागेवाल्यासमोर बोलल्यावर कागद कशाला?

त्यांना मी अजून फुग्याचं सांगितलेलं नाही. काय करणार आहेस ते कळव.

सुलक्षणा


मुलुंड पूर्व
२ फेब्रुवारी

पद्मजा,

पोचपावती आली. सही तुझ्या शौनकची आहे. एवढासा होता, आता सही करतो. पत्र त्याने तुला दिलं असं धरून चालते.

तुला वाटत असेल की ही बाई आता आप्पांचे गोडवे गाणार. मुळीच नाही. तुझे वडील घरमालक म्हणून छळवादी होते. भिंतीत खिळा मारला की खालून काठीने छत ठोकायचे. एसी लावू दिला नाही, का तर भिंतीला सोसणार नाही. बांगडे तळले की दुसऱ्या दिवशी जिन्यात, ‘काल काय सण होता?’ ऋतिकाला यायला उशीर झाला की गॅलरीत उभे, जसे काही सुबोध नाही, तेच तिचे बाप. मी त्यांच्याशी जिन्यात भांडले, गच्चीवर भांडले, सोसायटीच्या पूजेत प्रसाद वाटताना भांडले. एकदा तर दोन महिने आमचं बोलणं बंद होतं आणि आई मध्ये निरोप्याचं काम करत होत्या.

त्यामुळे कंपनी आली तेव्हा सगळ्यात जास्त मीच खूश झाले. खोटं कशाला बोलू? रंग लावून मिळाला. करार फोनवर अंगठा लावून झाला. काय शिजवता, कोण येतं, मुलीचं लग्न कधी, कुणी विचारेना. बोरिवलीच्या बहिणीला मी फोन करून सांगितलं, ‘सुटले बाई, आता मालकाची कटकट नाही.’

मग आईंच्या पलंगावर छत गळायला लागलं. वरच्या घराच्या बाथरूमचं पाणी. ॲपवर तक्रार टाकली. तिकडून कुणा प्रियंकाचं उत्तर, ‘तुमची अडचण आम्ही समजू शकतो.’ चार दिवसांनी तक्रारीपुढे हिरवी खूण, ‘सोडवली.’ छत गळतंय आणि तक्रार सोडवली! पुन्हा टाकली. पुन्हा प्रियंका, पुन्हा समजू शकतो, पुन्हा हिरवी खूण. शेवटी कळलं की वरचं घरही याच कंपनीकडे आहे. वर गळवणारी तीच आणि खाली भिजवणारी तीच. आता कंपनीने कंपनीशी भांडायचं तरी कसं?

पूर्वी एकदा असंच गळलं होतं तेव्हा आप्पा पायजम्यातच वर गेले होते, आठवतं? वरच्यांच्या बाथरूममध्ये स्टूल टाकून बसले. प्लंबर येईपर्यंत उठले नाहीत. वरच्या बाईंना आंघोळीला शेजारी जावं लागलं. दुसऱ्या दिवशी मला ऐकवलंच, ‘तुमच्यामुळे मला लोकांच्या मोरीत बसावं लागतं.’ असा माणूस. डोकं फिरवायचा, पण त्याच्याशी भांडता यायचं. दार वाजवलं की तोंड दिसायचं.

आता आईंचा पलंग हॉलमध्ये आणलाय. मी प्रियंकाला एकदा खूप वाटेल ते लिहिलं, मग वाईट वाटलं आणि ‘सॉरी, जेवलीस का?’ असंही लिहिलं. आईंना तिची दया येते. म्हणतात, ‘दिवसरात कामाक लावतत त्या पोरीक. तिच्या घराकडे कोण आसा काय इचार गो.’

मी विचारलं. ‘अजून काही मदत करू का?’ असं उत्तर आलं.

तुझं काहीच उत्तर आलेलं नाही.

सुलक्षणा


मुलुंड पूर्व
४ मार्च

पद्मजा,

काल मी अंधेरीला त्यांच्या ऑफिसात जाऊन आले. काचेची इमारत, गार हवा, आणि वाट बघायला झोपाळे टांगलेत. माझ्या वयाची बाई झोपाळ्यावर बसून आपलं घर मागणार. मी उभी राहिले.

रिसेप्शनवरच्या मुलीला म्हटलं, प्रियंकाला भेटायचंय. ती म्हणाली, ‘कोण प्रियंका?’ मी मेसेज दाखवले. तिने ओठ दाबून हसू आवरलं आणि म्हणाली, ‘मॅडम, ती कोणी नाहीये. ती सिस्टिम आहे. नाव दिलंय फक्त.’

म्हणजे मी यंत्राला विचारलं, जेवलीस का. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. आणि लाजेच्या मागून असा संताप आला की तो झोपाळा उचलून काचेवर टाकावा. आईंना काय सांगू? ज्या पोरीसाठी त्या हळहळतात, तिला आईबाप नाहीत, घर नाही, तोंडच नाही?

मग एक साहेब आला, शौनकपेक्षा थोडाच मोठा. अत्यंत नम्र. याने एकदा तरी आवाज चढवावा म्हणून मी वाट पाहत होते. म्हणाला, जूनपासून आपल्या घराच्या चार खोल्या करणार, चार कुलपं, एकट्या राहणाऱ्या नोकरदारांसाठी. आम्हाला कांजूरमार्गच्या टॉवरमध्ये जागा देतो म्हणाला, पण एका घरात जास्तीत जास्त तीन माणसं, नियम आहे. आम्ही चौघं. ‘सासूबाईंसाठी आमचे सीनियर लिव्हिंगचे पार्टनर आहेत,’ असं म्हणून त्याने माझ्या हातात गुळगुळीत कागद दिला. त्यावर एक म्हातारी हसत होती. गोरीपान, दात सगळे शाबूत. मी तो कागद त्याच्या टेबलावर उलटा ठेवला.

आणि आता नीट वाच, कारण या पत्रातलं हेच कामाचं आहे. मी त्याला विचारलं, हे थांबवायचं कुणाच्या हातात आहे? तो म्हणाला, ‘ओनरच्या. करारात कलम आहे. ओनरनी एक मेल केला की काम पुढे ढकलता येतं, तुमचं रिन्यू होतं. ओनरना हे माहीत आहे, मॅडम.’

ओनरना माहीत आहे.

पद्मजा, एक मेल. आई शहाऐंशीच्या आहेत, त्यांना दिसतं कमी. या घरात त्या भिंतीला हात लावत स्वतःच्या पायांनी संडासला जातात. दुसरीकडे नेलं की पलंगाला खिळतील. मी त्या भिंतींसाठी भांडत नाही, मुंबईत भाड्याची घरं मिळतात. त्या बाईला तिच्या पायांवर जाऊ दे, एवढ्यासाठी भांडतेय.

एक मेल कर. नंतर वाटलं तर जन्मभर ब्लॉक करून ठेव.

सुलक्षणा


मुलुंड पूर्व
२३ मार्च

पद्मजा,

मिळालं तुझं उत्तर. टाइप केलेलं, खाली सहीसुद्धा छापलेली. वकिलाने लिहून दिलं की प्रियंकाने?

‘मी आता त्या जागेच्या व्यवहारात लक्ष घालत नाही.’ छान. ‘शौनकचं परदेशातलं शिक्षण आहे, माझेही प्रश्न आहेत.’ असतील. ते तू मला फोनवर सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं, तुझ्यावर चिडले असते आणि रात्री सुबोधला म्हटलं असतं, तिचंही खरंय. पण तू मध्ये कंपनी उभी केलीस ती नेमकी यासाठीच, की हे तुला तोंडाने सांगावं लागू नये. ती भिंत तू पैसे मोजून बांधून घेतलीस.

आणि शेवटचं वाक्य. ‘ते गाऱ्हाणं मी आईंचं मन राखायला म्हटलं होतं. त्याचा कुणी असा अर्थ घेईल असं वाटलं नव्हतं.’

दुसरा कुठला अर्थ होता गं त्याचा? तुला ती गंमत वाटली, नाटकातली कोकणातली म्हातारी करते तशी. ‘किती गोड!’ असंही म्हणाली होतीस नंतर, मला आठवतंय. त्यांच्या हाताची पेज गोड, त्यांची भाषा गोड, त्यांनी तुझ्या बापाची बिछान्यातली घाण काढली तीही गोडच असेल. शब्द पाळायची वेळ आली तेव्हा तेवढा कडू झाला.

हो, मी फोनवर तुला म्हणाले होते की बापाच्या उशाशी नव्हतीस. त्यावरून ब्लॉक केलंस ना? आता कागदावर लिहिते. नव्हतीस. आम्ही होतो, तुझे भाडेकरू.

आईंनी विचारलं, ‘पद्मजाचा पत्र इला? काय म्हणता?’ मी म्हटलं, बरी आहे. त्या म्हणाल्या, ‘तिका येवक सांग एकदा.’ सांगितलं.

सुलक्षणा


दहिसर
८ जून

पद्मजा,

पत्ता बदललाय, वर बघ. हे शेवटचं पत्र, यापुढे पोस्टाचा खर्च करणार नाही.

आईंना सगळं आधीपासून माहीत होतं. मला वाटत होतं मी लपवतेय. मी सुबोधवर चिडून बोलायचे ते हॉलमधल्या पलंगावर ऐकू जात होतं आणि त्या डोळे मिटून पडून राहत होत्या. एप्रिलमध्ये एकदा मी त्यांचं डोकं विंचरत होते, तर म्हणाल्या, ‘टेंपो कवा येतलो ता सांग. माका लुगडा धुवून ठेवचा आसा.’

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी ते लुगडं नेसलं. सामान खाली गेलं होतं. रिकाम्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं उभे आणि ओट्यावर नारळ. मला वाटलं, नेहमीसारखं निरोपाचं गाऱ्हाणं असेल, इतकी वर्षं सांभाळलंस, आता निघतो. ते झालं. आम्ही सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. माझाही आवाज फुटला तेवढा फुटला.

मग त्यांनी आणखी एक कलम घातलं.

‘बा म्हाराजा, त्या पोरीन तुझ्यासमोर शब्द दिललो. तो मी आज माझ्या तोंडान सोडतंय. ती चुकली आसात तर पोटात घाल. तिच्यार राग धरू नको, तिच्या झिलाक सुखात ठेव रे म्हाराजा.’

सुबोध म्हणाला, ‘व्हय म्हाराजा.’ ऋतिका रडत रडत म्हणाली.

मी म्हटलं नाही.

आईंनी मान वळवली. त्यांना माझा चेहरा दिसत नाही, पण मी कुठे उभी आहे ते कळतं. पुन्हा म्हणाल्या, ‘ठेव रे म्हाराजा.’ आणि थांबल्या. खाली टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. सुबोधने माझ्या दंडाला हात लावला, ‘म्हण गं, संपव आता.’ मी दात आवळून उभी राहिले. ज्या बाईने एक मेल केला नाही, तिला माझ्या तोंडाने सुटका? जीभ झडली असती तरी म्हटलं नसतं.

गाऱ्हाणं तसंच अर्धवट टाकून आम्ही खाली उतरलो. आईंना सुबोधने उचलून आणलं.

संध्याकाळी प्रियंकाचा मेसेज आला, ‘किचनमध्ये तुमची एक वस्तू आढळली. ती विल्हेवाटीसाठी पाठवली आहे. तुमचा मुक्काम कसा झाला? कृपया तारे द्या.’ वस्तू म्हणजे तो नारळ. तुझ्या बापाच्या घरातला जागेवाल्याचा नारळ कचऱ्यात गेला, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

आता इथलं सांगते. नदीच्या बाजूला दुसरा मजला, एक बेडरूम. मालकीण माणिकताई, खालीच राहतात. पहिल्याच दिवशी विचारून झालं, चौघंच ना, पाहुणे किती येतात, म्हातारीचं दुखणं काय, मुलीचं जमलंय का. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालण्यावरून आमचं भांडण झालं. मी मनसोक्त ओरडले, त्याही ओरडल्या. संध्याकाळी त्यांनी आईंना धरायला संडासात दांडी बसवून दिली, माणूस स्वतः घेऊन आल्या आणि त्यालाही ओरडल्या. पुढच्या अकरा महिन्यांनी त्याही काढतील कदाचित. काढतील तेव्हा तोंडावर सांगतील आणि मी तोंडावर भांडेन.

पण आई माझ्याशी बोलत नाहीत. मला भीती होती की जागा बदलली म्हणून त्या खचतील. तसं नाही झालं. त्या भलत्याच गोष्टीने खचल्यात. दोन घास खाऊन ताट सारतात. सुबोधला म्हणाल्या, ‘शब्द अडाकलो. हिच्यामुळे अडाकलो. त्या पोरीच्या झिलाक काय झाला तर?’ म्हणजे त्यांना घोर तुझा आहे. तुझ्या शौनकचा. त्यांना घराबाहेर काढलंस तू आणि त्या जेवत नाहीत तुझ्यासाठी. असं वाटतं, त्यांना गदागदा हलवावं. मग त्यांच्या पायांना तेल लावायला बसते. पाय ओढून घेतात.

सुबोध म्हणतो, एवढं एक व्हय म्हण, त्या जेवतील. मला माहीत आहे जेवतील. काल मी त्यांच्यासमोर बसलेसुद्धा. तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं व्हय त्यांना लगेच कळेल, त्यांनी तुझं एक ऐकलंय.

म्हणून तू ये.

आई सुबोधला म्हणाल्या, जागेवाल्याला हाक इथूनही जाते, आणि शब्द देणारीच समोर असली तर आणखी बरं. नारळ मी आणून ठेवलाय. कलम त्या घालतील. व्हय तू म्हणायचंस, आणि या वेळी हसायचं नाही. तू म्हटलंस तर मी म्हणेन का, ते तुझा चेहरा बघून ठरवीन. त्याआधी मी तुला खूप काही बोलणार आहे, ते उभं राहून ऐकून घ्यावं लागेल. मग चहा टाकीन.

उशीर करू नकोस. ताट रोज थोडं जास्त भरलेलं परत येतंय.

खाली माणिकताई तुला अडवतील. कोण, कुठल्या, कुणाकडे, कशाला, सगळं विचारल्याशिवाय वर सोडत नाहीत. त्यांना खरं काय ते सांग.

सुलक्षणा